पोलिसांचे नागरिकांकडून चित्रीकरण (कॉपवॉच)

भर रस्त्यात कारवाई करणाऱ्या पोलिसांचे सामान्य नागरिकाने उघडपणे, आडकाठी न करता केलेले चित्रीकरण. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रथेला ‘कॉपवॉच’ म्हणतात. पोलिसांवर वरिष्ठांची, न्यायालयांची नजर असतेच. पण ती घटना घडून गेल्यावर, आणि बहुधा पोलिसांनीच लिहिलेल्या अहवालावर पडते. कॉपवॉचचा सगळा भर या अहवालाला दुसरा साक्षीदार उभा करण्यावर आहे.

प्रथेचे मूळ कॅमेऱ्याच्या आधीचे आहे. कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंडमध्ये १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केलेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या पक्षाचे कार्यकर्ते कायद्याची पुस्तके आणि भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरत आणि अंतर राखून झडती पाहत उभे राहत. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी घालून या गस्ती मोडून काढल्या. ‘बर्कली कॉपवॉच’ हा गट १९९० मध्ये सुरू झाला, तो मात्र वही आणि व्हिडिओ कॅमेरा घेऊन.

डाव्या आणि कृष्णवर्णीय चळवळींत रुजलेली ही प्रथा पुढे लिबर्टेरियन मंडळींनीही उचलली. शासनाचा हात जितका आखूड तितका बरा, असे मानणारा हा पंथ. पोलिसाला सामान्य माणसाहून वेगळे हक्क का असावेत, हा त्यांचा प्रश्न. २०१० मध्ये निघालेल्या ‘कॉप ब्लॉक’ या गटाचे घोषवाक्यही हेच सांगे, की बिल्ल्याने जादा हक्क मिळत नाहीत. न्यू हँपशर हे त्यांचे मोठे केंद्र. वीस हजार लिबर्टेरियन एकाच राज्यात वसवण्याचा ‘फ्री स्टेट प्रोजेक्ट’ तिथलाच.

याच चळवळीतील कार्ला गेरिक यांचा खटला बोलका आहे. मार्च २०१० मध्ये न्यू हँपशरमधील वेअर या गावी त्या एका परिचिताच्या गाडीमागून जात असताना पोलिसांनी ती गाडी अडवली. गेरिक यांनी आपली गाडी शेजारच्या शाळेच्या आवारात लावली, सुमारे तीस फुटांवरून ‘मी चित्रीकरण करते आहे’ असे पोलिसाला सांगितले आणि कॅमेरा रोखला. कॅमेरा बिघडलेला निघाला. एक क्षणही टिपला गेला नाही. तरी त्यांना अटक झाली, आणि लावलेल्या कलमांत बेकायदा ध्वनिमुद्रणाचेही कलम होते! पुढे हे आरोप टिकले नाहीत. गेरिक यांनी उलट पोलिसांवर दावा लावला. रस्त्यावर गाडी अडवून चाललेल्या कारवाईचे चित्रीकरण हा राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने (अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या) दिलेला हक्क आहे. सुरक्षेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील, पण तसा निर्बंध नसताना अटक करता येणार नाही, असा निर्णय फर्स्ट सर्किट या संघीय अपील न्यायालयाने मे २०१४ मध्ये दिला.

या निर्णयाचा पाया त्याच न्यायालयाने २०११ मध्ये ग्लिक खटल्यात घातला होता. बॉस्टनच्या सार्वजनिक बागेत मोबाइलवर अटकेचे चित्रीकरण करणाऱ्या वकिलावर चोरून संभाषण टिपल्याचा आरोप होता. मोबाइल सर्वांदेखत हातात धरलेला असताना ‘चोरून’ कसे, हा साधा मुद्दा निर्णायक ठरला. बॉस्टन शहराला १ लाख ७० हजार डॉलर मोजावे लागले. इतर अनेक अपील न्यायालयांनी असेच निकाल दिले असले, तरी सर्वोच्च न्यायालयाने या हक्कावर थेट निवाडा दिलेला नाही.

चित्रफीत हाती आली म्हणजे न्याय मिळालाच, असे मात्र नाही. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी केलेली मारहाण १९९१ मध्ये एका रहिवाशाने बाल्कनीतून टिपली, साऱ्या देशाने पाहिली. तरीही १९९२ मध्ये ज्यूरीने एकाही पोलिसाला मारहाणीबद्दल दोषी ठरवले नाही आणि लॉस एंजेलिस पेटले. याउलट २०२० मध्ये मिनीआपोलिसच्या पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूचे वर्णन आधी ‘वैद्यकीय घटना’ असे केले होते. पोलिसाने त्यांची मान गुडघ्याखाली दाबून धरली होती, हे सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझरने मोबाइलवर टिपल्यामुळे उघड झाले.

आता वाद अंतरावर आला आहे. पोलिसांच्या आठ फुटांच्या आत चित्रीकरणाला मनाई करणारा ॲरिझोनाचा २०२२ चा कायदा संघीय न्यायालयाने रोखला. त्यानंतर इंडियाना आणि लुइझियाना यांनी पंचवीस फुटांचे कायदे केले. त्यांत चित्रीकरणाचा उल्लेखही नाही. पोलिसाने दूर व्हायला सांगितल्यावर जवळ जाणे हाच त्यांनी गुन्हा ठरवला.

महाराष्ट्रात हा प्रश्न पोलीस ठाण्याच्या आत उद्भवला. वर्धा येथील ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केल्याबद्दल २०१८ मध्ये एकावर शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. अधिनियमातील ‘निषिद्ध ठिकाणा’च्या व्याख्येत पोलीस ठाणे येतच नाही, असे खंडपीठाने म्हटले.