बसला म्हणजे चालला असं नाही: लॅपटॉपचा नवा चार्जर घेण्याआधी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"डेलचा चार्जर द्या" एवढ्या माहितीवर चार्जर देता येत नाही. एकट्या डेलच्या लॅपटॉपना दोन मापांच्या गोल पिना आहेत, ४५ वॅटपासून २४० वॅटपर्यंतचे चार्जर आहेत आणि बऱ्याच नव्या मॉडेलना टाइप-सी आहे. म्हणून आमच्या दुकानात येताना लॅपटॉप, जुना चार्जर (जळालेला असला तरी) आणि त्याची भिंतीकडची वायर, तिन्ही आणा. लांबून, म्हणजे शिरोली किंवा गोकुळ शिरगावातून, मुद्दाम येणार असाल तर निघण्यापूर्वी लॅपटॉपच्या आणि चार्जरच्या लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. हेलपाटा वाचेल.

लेबल कसं वाचायचं

जुन्या चार्जरवर दोन ओळी असतात. 'इनपुट'ची ओळ (१०० ते २४० व्होल्ट, ५०-६० हर्ट्‌झ) जवळपास सगळ्यांवर सारखीच, तिच्यावरून काहीच ठरत नाही. बघायची ती 'आउटपुट'ची. समजा, तिथं १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर लिहिलंय. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, इथं ६५. लॅपटॉपच्या पोटावरही बहुतेक वेळा हेच आकडे बारीक अक्षरांत असतात. दोन्हींत फरक दिसला तर लॅपटॉपवरचे खरे माना, कारण हातातला 'जुना' चार्जर आधीच कधीतरी बदललेला असू शकतो.

व्होल्ट जुळायलाच हवेत. १९ च्या जागी १९.५ असा अर्ध्या व्होल्टचा फरक चालून जातो, त्यापुढं नको. अँपिअर मात्र मूळ आकड्याएवढे किंवा त्याहून जास्त हवेत. जास्त अँपिअरच्या चार्जरनं लॅपटॉप जळतो, ही भीती निराधार आहे. व्होल्ट चार्जर देतो, अँपिअर लॅपटॉप लागेल तेवढेच ओढतो. गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावला म्हणून मोबाइल जळतो का?

त्रास होतो तो कमी वॅटचा लावल्यावर. ९० वॅटच्या लॅपटॉपला ४५ चा लावला तर मेल बघेपर्यंत सगळं ठीक वाटतं. ऑटोकॅड किंवा गेम उघडला की चार्जर तापतो, मध्येच बंद पडतो, नाहीतर वायर लावलेली असतानाही बॅटरी उतरत जाते. काही लॅपटॉप स्वतःच प्रोसेसरचा वेग कमी करतात, आणि मग लोक रॅम वाढवायला येतात.

पिन

एसरच्या बऱ्याच मॉडेलची पिन ५.५ × १.७ मिलिमीटर (बाहेरचा × आतला व्यास), असूसच्या जुन्या मॉडेलची ५.५ × २.५. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, फरक आतल्या भोकात आहे. २.५ ची पिन एसरमध्ये जाते, पण सैल राहते. हलवली की चार्जिंग येतं-जातं, आत ठिणग्या पडतात, जॅक (लॅपटॉपवरची पिन घालायची जागा) काळा पडतो. अशा वेळी चार्जरच्या खर्चावर जॅक बदलायचा खर्चही चढतो. उलट १.७ ची पिन असूसमध्ये जातच नाही, जोर केला तर मधली सुई मोडते.

राउटर आणि सीसीटीव्हीच्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरची पिनही ५.५ मिलिमीटरचीच असते. तो लॅपटॉपला लावला तर बहुधा नुसतं चार्जिंग होणार नाही. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा राउटरला लावला तर राउटर गेलाच समजा.

लेबलवर एक छोटी खूणही असते: मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धगोल. ठिपक्याची रेघ अधिकच्या चिन्हाकडं जात असेल तर पिनेच्या आतली बाजू धन. लॅपटॉपचे गोल पिनेचे चार्जर सहसा असेच असतात, तरी खूण जुळवून घ्या.

सगळं जुळलं, तरी चार्ज होत नाही

डेल आणि एचपी या दोघांच्याही ७.४ × ५.० आणि ४.५ × ३.० मापाच्या पिना आहेत. एकमेकांत बसतात, १९.५ व्होल्टही जुळतात. पण पिनेच्या मधोमध जी बारीक सुई असते ती वीज नेत नाही. ती चार्जरची ओळख लॅपटॉपला सांगते. डेलच्या चार्जरमध्ये त्यासाठी वेगळी चिप असते, एचपीची पद्धत निराळी. ओळख पटली नाही की डेलच्या पडद्यावर चार्जरचा प्रकार कळत नसल्याचा इशारा येतो, लॅपटॉप मंद चालतो आणि बॅटरी चार्ज होत नाही. सुई वाकली किंवा तिची तार आत तुटली तर अस्सल चार्जरलाही हेच होतं. म्हणून बॅटरी बदलण्याआधी डेलमध्ये सुरू होताना एफ-२ दाबून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) चार्जरचे वॅट दिसतात का ते बघा. लेनोव्होच्या चौकोनी पिनेतही मधल्या सुईवरूनच वॅट ओळखले जातात.

टाइप-सी

इथं पिनेचा प्रश्न मिटतो, पण वॅटचा राहतो. चार्जरवर 'पीडी' (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरून जास्त वॅट देण्याची पद्धत) आणि २० व्होल्टची ओळ आहे का बघा. मोबाइलचा 'फास्ट' चार्जर बहुतेक वेळा तिथवर जात नाही. केबलही तपासा: साधी ३ अँपिअरची केबल ६० वॅटपर्यंतच चालते, त्यापुढं ५ अँपिअरची चिप असलेली लागते. १०० वॅटचा चार्जर आणि मोबाइलसोबत आलेली केबल, ही जोडी आमच्याकडं वरचेवर दिसते.

मल्टिमीटरवर विसंबू नका

व्होल्ट मोजायच्या या यंत्रानं मोकळ्या पिनेवर १९.५ दाखवलं म्हणजे चार्जर चांगला, असं नाही. आतला कपॅसिटर (व्होल्ट स्थिर ठेवणारा भाग) खराब झालेला चार्जर मोकळा असताना बरोबर व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की कोसळतो. टाइप-सीचं उलट: लॅपटॉपशी बोलणं होईपर्यंत तो शून्यच दाखवतो, तो बिघाड नव्हे. म्हणून आम्ही तुमच्याच लॅपटॉपवर, बॅटरी थोडी उतरलेली असताना, अर्धा तास लावून बघतो. चार्जर कोमट व्हायला हरकत नाही, पण पिनेजवळ चटका बसता कामा नये.

नव्या चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि 'आर'नं सुरू होणारा क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाका, कंपनीचं नाव जुळतंय का बघा.

लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारत असेल, तर चार्जर बदलण्याआधी अर्थिंग तपासा. पेठेतल्या जुन्या घरांत टू-पिन सॉकेट असेल तर तिसरी पिन कापू नका, वायरमनला बोलवा. आणि वळीव गडगडायला लागला की चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.