प्रोजेक्टर असूनही सर खडूच का उचलतात?

प्राध्यापक वर्गात तंत्रज्ञान वापरत नाहीत म्हटलं की पहिला ठपका वयावर येतो. "सरांना आता कुठे जमणार!" मला हे निदान पटत नाही. हेच सर मोबाइलवरून वीजबिल भरतात, गावाकडच्या भावाशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलतात.

माणूस नवं साधन का स्वीकारतो, यावर फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ सालचं संशोधन आजही पायाभूत मानलं जातं. संगणक वापरणाऱ्यांना त्यांनी मुख्यतः दोन गोष्टी विचारल्या: याने माझं काम चांगलं होईल का, आणि हे वापरायला सोपं आहे का? लोकांनी स्वतः सांगितलेल्या वापराशी उपयुक्ततेचा सहसंबंध (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) निघाला ०.६३, सोपेपणाचा ०.४५. म्हणजे साधन किचकट असलं तरी कामाचं असेल तर लोक शिकून घेतात. बिनकामाचं असेल तर ते कितीही सोपं असो, पडूनच राहतं. आपल्याकडची बहुतेक प्रशिक्षणं मात्र 'कोणतं बटण कुठे' यातच संपतात.

बरं, उपयोग तरी नेमका कशाचा? हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांची पद्धत अशी: पर्यायी उत्तरांचा प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने उत्तर निवडायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा निवडायचं. उत्तरं टिपायला क्लिकर नावाचे छोटे रिमोट आले. कॅनडात नॅथनिएल लॅस्री यांनी एका वर्गाला क्लिकर दिले, दुसऱ्याला साधी पुठ्ठ्याची कार्डं. मुलांच्या शिकण्यात लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा "मला कार्डं पुरतात" म्हणणाऱ्या बाईंना मागासलेलं ठरवायची घाई नको.

मुळात नकार हा नेहमी सुरुवातीलाच येतो असंही नाही. अमेरिकेत भौतिकशास्त्राच्या ७२२ प्राध्यापकांच्या पाहणीत असं दिसलं, की संशोधनातून आलेल्या नव्या अध्यापन पद्धती करून पाहणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी त्या पुढे सोडून दिल्या. माहिती होती, उत्साहही होता. गळती झाली ती नंतर.

ही गळती कशी होते ते आपल्या कॉलेजात पाहायला मिळतं. रिमोट ऑफिसच्या कपाटात, किल्ली शिपायाकडे, शिपाई बँकेत. केबल जुन्या पद्धतीची, लॅपटॉपला ते पोर्टच नाही. तासातली दहा मिनिटं अशी गेली की मागच्या बाकांवर गप्पा रंगतात आणि सर फळ्याकडे वळतात. असं दोनतीनदा झालं की पुढच्या वेळी ते लॅपटॉप आणतच नाहीत. २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकाराच्या प्रारूपात पाठबळाच्या सोयी हा स्वतंत्र घटक आहे, तो याचसाठी.

आणि तयारीला लागणारा वेळ? महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मानधन मिळतं ते घेतलेल्या तासाचं. आदल्या रात्री बसून केलेल्या स्लाइड्स आणि प्रश्नमंजूषा त्या हिशेबात कुठेच धरल्या जात नाहीत.