अन्नाच्या शीतसाठवणीतील अवस्थांतर पदार्थ

ठरावीक तापमानाला वितळताना भोवतालची भरपूर उष्णता शोषून घेणारे आणि पुन्हापुन्हा गोठवून वापरता येणारे पदार्थ. वीज नसताना किंवा वाहतुकीत अन्न थंड ठेवण्यासाठी ते शीतपेट्यांत व गाड्यांत वापरतात.

यांतला सर्वांत जुना, स्वस्त आणि आजही सरस पदार्थ म्हणजे बर्फ. ०° से. चा १ किग्रॅ. बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. तेवढ्यात १ किग्रॅ. पाणी ०° वरून जवळजवळ ८०° से. पर्यंत तापले असते. मात्र सगळा बर्फ वितळेपर्यंत त्याचे तापमान वाढत नाही. तापमान न वाढवता अशी शोषली जाणारी उष्णता म्हणजेच अप्रकट उष्मा. पेटीत १० वॅट दराने उष्णता शिरत असेल, तर १ किग्रॅ. बर्फ साधारण ९ तास पुरतो. सारखे झाकण उघडले, की हा हिशोब मोडतो.

इंदूरचा सराफा दिवसा दागिन्यांचा आणि रात्री खवय्यांचा. तिथली कुल्फी नुसत्या बर्फात जमणार नाही, कारण साखर घातलेले आटीव दूध ०° ला गोठतच नाही. म्हणून कुल्फीच्या जुन्या रीतीत साच्यांभोवती बर्फ आणि खडेमीठ भरतात. मिठामुळे बर्फ वितळू लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता मिश्रणातूनच जाते आणि तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण −२१° से. ला गोठते व वितळते. असे एकाच ठरावीक तापमानाला गोठणारे-वितळणारे (युटेक्टिक) द्रावण चपट्या बंद डब्यात भरले, की युटेक्टिक प्लेट तयार होते.

प्लेट विकत घेणारे नेमके इथेच फसतात. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण −१८° असते, त्यामुळे −२१° ची प्लेट तिथे कधीच गोठत नाही. हे पदार्थ थंडी निर्माण करत नाहीत, साठवतात. गोठवणारे यंत्र त्यांच्या द्रवणांकाहून (वितळण्याच्या तापमानाहून) पुरेसे थंड हवे. म्हणून प्लेट घेताना पहिला प्रश्न ‘कितीला वितळते?’ हाच असावा.

उत्तर अन्नानुसार बदलते. दूध, पनीर, पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का यांना ५° च्या खाली ठेवायचे, तर बर्फ उत्तम. केळी मात्र १३° च्या खाली काळवंडतात. त्यांना वरच्या द्रवणांकाचा पदार्थ लागतो. पॅराफिन वर्गातले (मेणासारखे) पदार्थ त्यासाठी मिळतात, पण ते ज्वलनशील असतात आणि उष्णता सावकाश वाहून नेतात. क्षारांचे हायड्रेट (स्फटिकांत पाणी धरून ठेवणारे क्षार) पेट घेत नाहीत, पण काही धातूंना गंजवतात.

थंड हवा खाली उतरते, म्हणून प्लेट अन्नाच्या वर ठेवावी. अन्न आधीच थंड करून भरावे. गरम रबडी निववण्यातच सगळा साठा संपतो.