डासाला लागण होणं वेगळं, शहरात साथ येणं वेगळं

डेंग्यूचा डास, म्हणजे ईडिस इजिप्ती, खान्देशात कोणाला नव्याने सांगायला नको. नळाचं पाणी रोज येत नाही म्हणून घरोघरी ड्रम भरलेले, वैशाखात वर कूलर. पिवळा ताप (यलो फीव्हर) हा विषाणूचा आजारही हाच डास पसरवतो. (मलेरियाचा अ‍ॅनाफिलीस निराळा, आणि साधी कावीळ म्हणजे पिवळा ताप नव्हे. एवढं पुरे.)

खरा घोळ पुढे आहे. ‘ईडिसला पिवळ्या तापाच्या विषाणूची लागण होते’ असं वाचलं की एकजण म्हणतो, आता जळगावात साथ येणारच. दुसरा म्हणतो, आजवर आली नाही ना, मग आपल्या डासाला लागणच होत नसेल. दोघांचंही चुकतं.

लागण हा एकेका डासाचा प्रश्न. प्रयोगशाळेत त्याला विषाणू मिसळलेलं रक्त पाजतात आणि काही दिवसांनी चिरून बघतात. विषाणू आतड्यात रुजला की लागण झाली. पण तो लाळेत उतरला तरच चावा धोक्याचा, आणि कित्येक डासांत तो आतड्यापुढे सरकतच नाही. बातम्यांत नेमकी हीच पायरी गाळतात, डोकं फिरतं.

शहराचा धोका हा हिशेब आहे. विषाणू लाळेपर्यंत पोचायला समजा 10 दिवस लागले. रोज 100 पैकी 90 डास जगत असतील तर दहाव्या दिवशी 35 उरतात. 80 जगत असतील तर जेमतेम 11. डास तोच, लागण तेवढीच, धोका मात्र एक तृतीयांश. शिवाय माणसाच्या रक्तात विषाणू मोजकेच दिवस असतो, तो माणूस ऐन त्या दिवसांत गावात हवा आणि भोवतालचे लोक लस न घेतलेले. ही शेवटची अट आपण कधीच पूर्ण करून बसलोय.

ब्राझीलच्या शहरी ईडिसला प्रयोगशाळेत लागण होते. तरी 2016 ते 2018 ची मोठी साथ तिथे जंगलातल्या डासांनीच चालवली. उलट 2016 मध्येच अंगोलाच्या लुआंडा शहरात ईडिसने थैमान घातलं. तिथून 11 रुग्ण चीनला पोचले, तिथे फैलाव झाला नाही.

म्हणून धोक्याच्या देशातून लशीच्या दाखल्याविना आलेल्याला आपल्याकडे 6 दिवसांपर्यंत अलग ठेवतात. ‘डास तर इथे आहेतच, माणसाला कशाला अडवता?’ असं विचारणाऱ्या भाऊंनी वरचा हिशेब पुन्हा वाचावा. आणि कूलर नुसता ओतू नका, कडा घासा. तिथे चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात.