ऊन लागलं की फवारणी बाधली?

पोळा झाला की आपल्याकडं पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, कीटकनाशकाच्या फवारणीचा जोर वाढतो, आणि पाऊस उघडला की ऑक्टोबरचं ऊनही चटके द्यायला लागतं, म्हणजे दोन्ही धोके एकाच महिन्यात, एकाच वावरात, एकाच माणसाच्या अंगावर. मग दुपारी कोणी धुऱ्यावर बसतो, म्हणतो "मले गरगरून रायलं, मळमळून रायलं", आणि बाजूचे सगळे म्हणतात ऊन लागलं, झाडाखाली बसव, लिंबूपाणी दे. आपत्ती व्यवस्थापनाच्या कामात गावोगावी हे ऐकतो आणि खरं सांगतो, मला याच वाक्याची भीती वाटते. ऊन लागलं असेल तर सल्ला बरोबर आहे, पण फवारणी बाधली असेल तर औषधानं भिजलेला शर्ट अंगावर तसाच राहतो आणि माणूस सावलीत बसलेला असताना विष कातडीतून आत जातच राहतं.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण भरती झाले, हे आपण विसरलो नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, नोझल वर धरून फवारावं लागत होतं, तुषार तोंडावर, छातीवर, श्वासात.

आता घोळ नेमका कुठं होतो ते बघा. चक्कर, डोकेदुखी, उलटी, थकवा, भरपूर घाम हे दोन्हीकडं असतं, त्यामुळे घामावरून काहीच ठरवू नका. तोंड बघा. उन्हानं थकलेल्याचं तोंड कोरडं पडतं, तो पाणी मागतो, लघवी कमी आणि गडद पिवळी होते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस असल्या औषधांची बाधा झाली की उलट होतं, तोंडाला लाळ सुटते, नाक-डोळे वाहतात, छातीत कफ घरघरतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, कधी लघवीही कपड्यात होते. मग डोळे बघा, मोबाईलचा टॉर्च लागत नाही, उजेडात नीट बघितलं तरी दिसतं: बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते आणि माणूस म्हणतो अंधुक दिसून रायलं. उन्हात पायाला गोळे येतात, इथं मात्र पापणी, दंड, मांडीचं मांस आपोआप फडफडतं.

उष्माघात म्हणजे उन्हाचा शेवटचा टप्पा, तो वेगळाच. अंग तव्यासारखं तापतं, ताप ४० अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर, माणूस बरळतो, ओळखत नाही, झटके येतात. यात पॅरासिटामॉल कामाचं नाही, भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

पण एक लक्षात ठेवा, सगळ्या औषधांची लक्षणं सारखी नसतात, काहींत बाहुली बारीक होत नाही, फक्त तोंडाची, हातांची आग होते, मुंग्या येतात. म्हणून बाहुली बरोबर दिसली म्हणून फवारणी बाधली नाही असं समजू नका. आणि वेळही फसवते. ऊन बहुतेक उन्हातच लागतं, कातडीतून गेलेलं विष मात्र काही तासांनी, संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावरही दिसू शकतं, आणि तेव्हा सकाळच्या फवारणीची कोणाला आठवणच येत नाही.

बायांबद्दल तर कोणी विचारतच नाही. पंप बाईच्या पाठीवर नसतो, पण ड्रममध्ये पाणी भरणं, औषध कालवताना बाजूला उभं राहणं, कालच फवारलेल्या वावरात निंदण, आणि घरी येऊन ते कपडे हातानं धुणं हे सगळं तिच्याकडंच असतं. त्यामुळे "फवारलं का?" एवढंच विचारू नका, "कालपासून औषधाजवळ होतीस का?" असं विचारा.

ओळखता येत नाही? मग विषबाधाच धरा आणि कामाला लागा. कपडे काढणं आणि अंगावर पाणी ओतणं दोन्ही त्रासांत चालतं, म्हणून वाद घालत बसायची गरजच नाही. फवारणीच्या जागेपासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला न्या, स्वतःच्या हातात प्लास्टिकची पिशवी घाला, शर्ट-पॅन्ट उतरवा, साबण लावून केसांसकट १५-२० मिनिटं धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर साध्या पाण्यानं तेवढाच वेळ. १०८ ला फोन दुसऱ्यानं लगेच करायचा, धुणं संपायची वाट बघायची नाही. शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काहीच घालू नका. आणि मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं, दूध पाजणं हे कृपा करून बंद करा, उलटी फुप्फुसात गेली तर माणूस त्यानंच जाऊ शकतो.

औषधाचा डबा सोबत न्या, निदान लेबलचा फोटो घ्या. अॅट्रोपिन हे इंजेक्शन लाळ सुटणाऱ्या, बाहुली बारीक होणाऱ्या विषबाधेत जीव वाचवतं, पण तेच घाम बंद करतं, म्हणजे नुसत्या उष्माघातात ते उलट नुकसान करेल. म्हणून डॉक्टरला खरं सांगा, "फक्त ऊन लागलं" म्हणून दडवू नका.

फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा, वारा पाठीमागून ठेवा. दुपारी मास्क, गॉगल, हातमोजे घालून कोणीच टिकत नाही, आणि ते काढून फवारलं की घामानं ओलं अंग औषध जास्तच ओढतं.

भरती झालेल्याला दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं आणि घरचे म्हणतात सुट्टी द्या, कापूस वेचायचा आहे. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांच्या बाधेत १ ते ४ दिवसांच्या मधात मान उचलता न येणं, श्वास कमी पडणं असा दुसरा झटका येऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर म्हणेपर्यंत सही करून घरी आणू नका.