इंग्रजी वाक्यातील शब्दक्रम : पार्श्वभूमी

आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा इंग्रजी वाक्याचा क्रम पहिल्याच धड्यात पाठ करून घेतला जातो. तो इतका सक्तीचा का, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही सक्ती नव्हती. ‘से क्युनिंग येसेआह थोने बिस्कोप’ म्हणा किंवा ‘थोने बिस्कोप येसेआह से क्युनिंग’ म्हणा, अर्थ एकच होता : राजाने बिशपला पाहिले. ‘से’ हे ‘द’ (the) या उपपदाचे कर्त्यापूर्वीचे आणि ‘थोने’ हे कर्मापूर्वीचे रूप असल्यामुळे कोणी कोणाला पाहिले याविषयी घोटाळा होत नसे. मराठीत ‘बिशपला राजाने पाहिले’ असे आपण आजही म्हणू शकतो, ते विभक्तिप्रत्ययांच्याच बळावर.

इंग्रजीची ही रूपे हळूहळू झिजली. शब्दाच्या आरंभी आघात देण्याच्या प्रवृत्तीमुळे शेवटचे स्वर दुबळे झाले. त्यातच नवव्या शतकापासून उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये वसलेल्या, डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांची भाषा मूळ शब्दांत जवळची, पण प्रत्ययांत निराळी असल्यामुळे ही झीज वाढली, असे अनेक अभ्यासक मानतात. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंडवर मिळवलेल्या विजयाला सारे श्रेय देणे योग्य नाही, कारण बदल आधीच सुरू झाला होता. दरबारी व्यवहारातून इंग्रजी मागे पडल्यावर जुन्या लेखनपरंपरेचा धरबंध सुटला, एवढे खरे. पीटरबरो मठातील बखरीच्या ११५४ पर्यंतच्या अखेरच्या नोंदींत ही पडझड स्पष्ट दिसते. पुढे अर्थाचा भार शब्दांच्या जागेवर आला आणि ‘ही-हिम’ (he-him)सारख्या सर्वनामांतच जुना भेद उरला.

नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यांत मराठी विद्यार्थ्यांना अडणारे ‘डू’ (do) हे साहाय्यक क्रियापद तर त्याहून अलीकडचे आहे. १६११ च्या बायबलमध्ये ‘दे नो नॉट’ (they know not, त्यांना ठाऊक नाही) अशी रचना आढळते. ‘दे डू नॉट नो’ ही रचना तेव्हा रुळत होती, पण नेमाची झाली नव्हती.

व्याकरणग्रंथांनी मात्र या इतिहासाला न्याय दिला नाही. विल्यम बुलोकर यांचे १५८६ मधील पहिले छापील इंग्रजी व्याकरण लॅटिनच्या साच्यात बसवलेले होते, आणि रॉबर्ट लाउथ (१७६२) व लिंडली मरे (१७९५) यांच्या शालेय जगतात गाजलेल्या पुस्तकांवरही त्या परंपरेची छाया होती. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणांची धाटणी त्यांच्यासमोर होती. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतच्या आपल्या आठ शब्दजातींची मांडणी त्याच वाटेने मराठी शाळांत आली.