ट्रेलर डॉकला लावणे

ट्रेलर डॉकला लावणे : घोडा (ओढणारे इंजिनवाहन) आणि त्याच्यावर पुढचा भार टेकलेला अर्धट्रेलर अशी जोडगाडी उलट चालवून ट्रेलरचे मागचे दार गोदामाच्या ओट्याला भिडवण्याची क्रिया, तसेच नवख्या चालकाला ती जमवून देण्याची रीत. चालक तिला नुसते ‘गाडी लावणे’ म्हणतात. ‘डॉक’ला मराठीत ‘गोदी’ हा जुना शब्द असला, तरी तो जहाजांपुरताच राहिला आहे. गोदीला जहाज लागते, डॉकला ट्रेलर. हा ओटा जमिनीपासून साधारण १.२ मी. उंच असतो. ट्रेलरची तळफळी आणि ओटा यांच्यातला उरलासुरला फरक लोखंडी पाटाने भरून काढतात.

मदतनीस आणि त्याचे नाव : गाडी मागे घेताना खाली उतरून चालकाला सांगणारा माणूस म्हणजे क्लीनर. ग्रामीण उच्चारात त्याचा ‘किन्नर’ झाला. संस्कृतातील किन्नराशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. हिंदी पट्ट्यात त्यालाच ‘खलासी’ म्हणतात. या दोन नावांच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. गाडी धुण्यापुसण्याच्या कामावरून ‘क्लीनर’ हे नाव थेट मोटारधंद्यातच पडले, हे एक मत. ते वरकरणी पटते. पण धुणारा माणूस पुढे चालक का होतो, याचा उलगडा त्यातून होत नाही. दुसरे मत असे, की हा शब्द रेल्वेच्या लोको शेडमधून आला असावा. वाफेच्या इंजिनांच्या काळात क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर अशी बढतीची शिडी होती. इंजिन पुसता पुसता ते ओळखीचे व्हावे, ही त्यामागची कल्पना. ट्रकवरही नेमके हेच घडते : क्लीनर आधी पंक्चर काढतो, दोर आवळतो, मग मोकळ्या रस्त्यावर चक्र (स्टिअरिंग) हातात घेतो. ‘खलाशी’ हा शब्द मराठीत मुख्यतः नाविकांचा, तरी रेल्वेत तो हरकाम्या मदतनिसाच्या हुद्द्याचेही नाव होता. दोन्ही शब्द रेल्वेत एकत्र नांदत होते, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडमधील ‘बँक्समन’ची कथाही अशीच दुसऱ्या धंद्यातून आलेली आहे. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी उभा राहून पाळणा वरखाली करवणारा तो बँक्समन. आज तेथे लॉऱ्या मागे घेताना खुणा करणाऱ्यालाही हेच नाव आहे.

भारतीय वाहनांत चालक उजवीकडे बसतो. उजवी बाजू ‘ड्रायव्हर साइड’ आणि डावी ‘क्लीनर साइड’. चालकाला जी बाजू दिसत नाही, तिलाच मदतनिसाचे नाव मिळाले आहे.

भूमिती : अर्धट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याच्या तळाची किंगपिन (जाड लोखंडी खुंटी) घोड्यावरील टर्न टेबलात (जोडणीच्या बैठकीत) अडकते आणि गाडी तेथे वळते. १९१४ मध्ये डेट्रॉईटचा लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ याने एका लाकूडव्यापाऱ्याची होडी मोटारीमागे नेण्यासाठी असे वाहन बनवले आणि त्याला ‘सेमीट्रेलर’ हे नाव दिले, असे सामान्यतः मानतात. तत्पूर्वी १८९८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉर्निक्रॉफ्टची वाफेवरची जोडगाडी झाली होती आणि अमेरिकेत अलेक्झांडर विंटनने मोटारी पोचवण्यासाठी तशीच जुळणी केली होती. त्यामुळे पहिलेपणाचा मान नावाला द्यायचा की यंत्राला, यावर उत्तर अवलंबून राहते.

पुढे जाताना ट्रेलर आपोआप सरळ होतो. मागे जाताना उलट घडते : घोडा आणि ट्रेलर यांच्यात पडलेला थोडासा कोन चालकाने आवरला नाही, तर वाढतच जातो. त्याच्या वाढीचा वेग किंगपिन आणि मागच्या चाकांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर निम्मे झाले की कोन दुप्पट वेगाने वाढतो. म्हणून २० फुटी ट्रेलर चटकन फिरतो आणि ४० फुटी सावकाश. लहान गाडी सोपी असेल या समजुतीने आलेला नवखा येथेच फसतो. कोन फार वाढला, तर ट्रेलर घडीच्या चाकूसारखा मिटत येतो आणि त्याचा कोपरा केबिनला लागतो.

ट्रेलरचे शेपूट डावीकडे हवे तर चक्र आधी उजवीकडे फिरवायचे. शेपूट वळू लागले की चक्र हळूहळू उलटे आणून घोड्याने ट्रेलरचा माग धरायचा. यासाठी एक सोपी युक्ती शिकवतात : हात चक्राच्या तळाशी धरावा. मग हात ज्या बाजूला जाईल, त्याच बाजूला शेपूट जाते. वळण ड्रायव्हर साइडला घेतले, तर चालकाला खिडकीतून ट्रेलरचा मागचा कोपरा दिसतो. क्लीनर साइडला घेतले, तर उजव्या आरशात रिकामे आवार आणि डाव्या आरशात ट्रेलरची भिंत, एवढेच उरते. चालक डावीकडे बसतो त्या अमेरिकेसारख्या देशांत हे सारे उलटे.

मदतीची रीत : सांगणारा एकच असावा. डॉकवर हमाल, पहारेकरी आणि शेजारच्या गाडीचा चालक असे तिघे एकदम ओरडू लागले, की नवखा सर्वांत मोठ्या आवाजाचे ऐकतो, आणि तो आवाज बरोबर असेलच असे नाही. मदतनिसाने आरशात दिसेल असे उभे राहावे. त्याला चालकाचा चेहरा आरशात दिसत नसेल, तर चालकालाही तो दिसत नाही. ट्रेलर आणि ओटा यांच्या मध्ये कधीही जाऊ नये. मदतनीस दिसेनासा झाला की चालकाने थांबायचे. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत बॉडीवर हलके थापट्या मारणे म्हणजे चालू ठेव. एकच जोरदार थाप आणि ‘बस्स’ म्हणजे थांब.

कंटेनरची दारे ओट्याला लागल्यावर उघडता येत नाहीत. म्हणून काही मीटर आधी गाडी थांबवून क्लीनर दांडे फिरवतो, दोन्ही पाने पूर्ण मागे नेऊन बाजूच्या भिंतींना अडकवतो आणि मगच शेवटचा टप्पा सुरू होतो. ओट्याच्या रबरी गादीपासून वीतभर अंतर राहिले, की गाडी क्लचवर अक्षरशः सरकवतात. गादी दबल्यावर चाकांना ठोकळे लावतात. गाडी तिरकी बसली, तर पुन्हा पुढे घेऊन सरळ करण्यात कमीपणा नाही. नवख्यांचे बहुतेक नुकसान ते टाळण्याच्या हट्टातून होते.

परीक्षा व कायदा : भारतात वाहतूक वाहनाच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर असावा लागतो. धोका नाही याची खात्री केल्याशिवाय आणि गरजेपेक्षा जास्त अंतर वाहन मागे घेऊ नये, असे १९८९ च्या रस्तानियमांत होते. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या प्रशिक्षण-नियमांत ९० अंशांत डॉकला लावण्याचा सराव आहे. मात्र त्यासाठी तासांची किमान मर्यादा घातलेली नाही.

महाराष्ट्र : न्हावा शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर उरण-पनवेल भागात कंटेनरची आवारे आणि त्यांबरोबर हे कौशल्य वाढले. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मात्र या पद्धतीत बसत नाही. चारचाकी ट्रॉलीला पुढे स्वतःचा फिरता आस असल्याने दोन ट्रॉल्यांत वळणाची ठिकाणे चार होतात. त्यामुळे साखर कारखान्याच्या गव्हाणीशी (ऊस टाकण्याच्या जागेशी) ही गाडी एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. मागे घ्यावीच लागली, तर मागची ट्रॉली आधी सोडवतात.